शूर कोणाला म्हणावे?



मे महिन्याच्या सुट्टीत आपले मैदान फुटबॉलने गजबजते. अशाच एका सामन्यात दोन मुलांची डोकी एकमेकांवर आदळली. एक जण क्षणभर गोंधळला, तोंडावर पाणी मारून पुन्हा धावू लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे आठवडाभर त्याचे डोके दुखत होते. ‘मग सांगितले का नाहीस?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘फादर, तुम्हीच तर टाळ्या वाजवल्या!’

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी नावाच्या १३ वर्षांच्या मुलाचे डोके सामन्यात जमिनीवर आपटले. थोडा वेळ बसून तो उत्तरार्धात पुन्हा खेळला आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला, पण त्याला बोलायला नव्याने शिकावे लागले. २००९ साली त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला : डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडू बाहेर, लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय परत खेळायचे नाही.

कोणी म्हणेल, मुलगाच ‘मी ठीक आहे’ म्हणतो, त्याला अडवणारे आपण कोण? माणसाच्या इच्छेचा मान राखावा, हे खरेच. पण इथे ज्या मेंदूने निर्णय घ्यायचा, मार त्यालाच लागला आहे. स्वतःविषयी तो साक्ष कशी देणार? तेवढ्यापुरता दुसऱ्याने निर्णय घेणे ही जबरदस्ती नव्हे, असे आम्हाला वाटते.

मनाचे दुखणे याहून अवघड. हात मोडला तर प्लास्टर दिसते, शेजारीपाजारी विचारपूस करतात. मेंदूला हादरा बसला, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, तर सीटी स्कॅनसुद्धा बहुधा स्वच्छ येतो. पण मुलगा चिडचिडा होतो, झोप बिघडते, उजेड सोसवत नाही, वाचलेले डोक्यात राहत नाही, उदास बसून राहतो. बहुतेक मुले महिनाभरात सावरतात, काहींना फार वेळ लागतो. त्यात दहावीचे वर्ष असेल तर घरी ऐकावे लागते, ‘नाटके पुरे!’ दुखणे आहेच, वर खोटेपणाचा आळ. मित्र मैदानावर आणि हा घरात एकटा.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते धैर्याचे मुख्य कार्य चाल करून जाणे नव्हे, तर सोसत खंबीर राहणे. सेमिनरीत हे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. भर सामन्यात ‘सर, गरगरतंय, मला बाहेर बसवा’ म्हणणारा मुलगाही त्यात येतो, हे तेव्हा सुचले नाही.

उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, न उतरणारी गुंगी, यांपैकी काहीही दिसल्यास मुलाला लगेच इस्पितळात न्यावे. आणि खेळाडूला बाहेर बसवण्याचा अधिकार कोणाचा, हे युवा संघटनेने स्पर्धेआधीच ठरवावे. अंतिम सामना बरोबरीत असताना ते ठरत नाही. आम्हालाही जमणार नाही.