पालकत्व पित्याकडे, मूल आईकडे

मुलाच्या ताब्यासाठी न्यायालयात जाणाऱ्या पित्याची आजची स्थिती समजून घ्यायची, तर अज्ञान मुलांविषयीच्या भारतीय कायद्यातील दोन संकल्पना आधी वेगळ्या कराव्या लागतात. पालकत्व म्हणजे मुलाच्या व्यक्तित्वाविषयी आणि मालमत्तेविषयी निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार. ताबा म्हणजे मूल ज्याच्या घरी राहते, ज्याच्या हातचे जेवते आणि ज्याच्या देखरेखीखाली शाळेत जाते, त्याच्याकडे असलेला रोजचा सांभाळ. एकेकाळी या दोन्ही गोष्टी पित्याच्या हाती एकवटलेल्या होत्या. पुढे त्या हळूहळू विलग होत गेल्या, आणि आज विभक्त झालेल्या अनेक पित्यांजवळ पालकत्व कागदावर उरते, पण मूल मात्र दुसऱ्या घरी वाढत असते.

ब्रिटिश अमदानीत झालेला १८९० चा पालक व पाल्य कायदा या प्रवासाचा पाया आहे. अज्ञानाच्या संपत्तीचे रक्षण राजाने करावे हा विचार धर्मशास्त्राला अपरिचित नव्हता. परंतु जिवंत पित्याचा मुलावरील अधिकार जवळजवळ निरपवाद मानण्याची धारणा या कायद्यात आली, ती प्रामुख्याने इंग्लंडच्या तत्कालीन न्यायविचारातून. त्यामुळे त्याच्या १७ व्या कलमाने पालक नेमताना अज्ञानाचे कल्याण पाहावे असे सांगितले खरे, तरी १९ व्या कलमाने पिता हयात असून अपात्र ठरत नसेल, तर न्यायालयाने दुसरा पालक नेमूच नये असा निर्बंध घातला. कल्याण आणि पित्याचा हक्क यांत विरोध निर्माण झाला तर काय करायचे, याचे स्पष्ट उत्तर कायद्याने दिले नाही, आणि पुढची अनेक दशके न्यायालये याच प्रश्नाशी झगडत राहिली.

या झगड्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मद्रासमध्ये घडले. जी. नारायणय्या यांनी १९१० मध्ये आपले पुत्र जे. कृष्णमूर्ती व नित्यानंद यांचे पालकत्व लेखी पत्राने ॲनी बेझंट यांच्याकडे सोपवले. पुढे त्यांचे मत बदलले आणि मुले परत मिळावीत म्हणून त्यांनी दावा लावला. बेझंट यांनी आपली बाजू न्यायालयात स्वतः मांडली, तरी मद्रास उच्च न्यायालयाने कौल पित्याच्या बाजूने दिला. १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या अपिलांवर अंतिम निर्णय देणाऱ्या न्यायपीठाने, हा निकाल फिरवला. मुले इंग्लंडमध्ये असताना हा दावा मद्रासच्या न्यायालयात चालू शकत नव्हता, हा त्यातील तांत्रिक भाग होता. मात्र त्याच निर्णयात पित्याचे पालकत्व हे विश्वस्ताच्या जबाबदारीसारखे आहे, दिलेली संमती पिता मागे घेऊ शकतो, परंतु तोवर मुलांचे आयुष्य ज्या मार्गाला लागले असेल त्याचा आणि त्यांच्या हिताचा विचार डावलता येणार नाही, असे तत्त्वही पुढे आले. पित्याचा हक्क मुलाच्या हिताच्या कसोटीवर तपासता येतो, ही जाणीव भारतीय खटल्यांतून दृढ होऊ लागल्याची ही महत्त्वाची खूण म्हणावी लागेल.

स्वातंत्र्यानंतरचा १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा पुढे गेला, पण अर्ध्या वाटेवर थांबला. त्याने पित्याला नैसर्गिक पालक, म्हणजे न्यायालयाच्या नेमणुकीशिवाय जन्माने पालक ठरवले आणि आईचे नाव त्याच्यानंतर लिहिले. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मात्र सर्वसाधारणपणे आईकडे असावा असे म्हटले. आणि १३ व्या कलमात मुलाचे कल्याण सर्वश्रेष्ठ मानले. गीता हरिहरन या लेखिकेने मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी केलेल्या अर्जावर रिझर्व्ह बँकेने पित्याची सही मागितल्यावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये नैसर्गिक पालकाविषयीच्या कलमाचा अर्थ व्यापक केला आणि पिता प्रत्यक्षात मुलाची काळजी घेत नसेल, तर त्याच्या हयातीतही आई पालक होऊ शकते असे ठरवले. १८९० च्या कायद्यातील १९ व्या कलमात आईचा उल्लेख व्हायला मात्र २०१० उजाडावे लागले. हा विलंब स्त्रियांवर अन्याय करणारा होता, यात शंका नाही.

तथापि याच काळात दुसरी एक गोष्ट घडली, जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पित्याचा वरचष्मा योग्य रीतीने कमी होत असताना, मुलाला अंघोळ घालणारा, त्याचा अभ्यास घेणारा, रात्री तापात त्याच्या उशाशी बसणारा नवा पिता घडत होता, आणि त्याच्या या नात्याला कायद्याने वेगळे रूप दिले नाही. आईकडे ताबा आणि पित्याला ठरावीक वारी काही तासांची भेट, ही रचना जणू स्वाभाविक मानली गेली. ती आईवर सांभाळाचा सगळा भार टाकते, पित्याला पाहुणा बनवते आणि मुलाला एका घरापासून तोडते. म्हणून तिघांच्याही दृष्टीने ती अपुरी आहे. विधी आयोगाने मे २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात, न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना, संयुक्त ताब्याची, म्हणजे दोघांनी वेळ व जबाबदारी वाटून घेण्याची, तरतूद कायद्यात करावी असे सुचवले. ती शिफारस अजून कायद्यात उतरलेली नाही. जे काही घडते, ते न्यायालयांच्या आदेशांतून घडते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताबा नाकारलेल्या पालकालाही रोज काही मिनिटे मुलाशी फोनवर किंवा व्हिडिओद्वारे बोलता यावे असे म्हटले, ही लहान वाटणारी पण मोलाची गोष्ट आहे.

अशा स्थितीत पित्याला मिळणारे विधी साहाय्य विषम आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. पुरुषाला मात्र उत्पन्नमर्यादेत बसावे लागते किंवा कायद्यातील अन्य विशिष्ट गटांत मोडावे लागते. स्त्रियांच्या आर्थिक परावलंबनामुळे हा भेद रास्त आहे, पण मर्यादेच्या किंचित वर असलेला कामगार पिता त्यामुळे उघड्यावर पडतो. कुटुंब न्यायालयांत, जी १९८४ च्या कायद्यानंतर पुणे व मुंबईत १९८९ मध्ये सुरू झाली, वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी परवानगी घ्यावी लागते; प्रथम भेट होते ती विवाह समुपदेशकाशी. या टप्प्यावर चांगला सल्ला निर्णायक ठरतो. भेटीसाठी अंतरिम आदेश, म्हणजे मूळ दावा निकाली निघेपर्यंतचा आदेश, लवकर मागावा. भेट नाकारली म्हणून पोटगी अडवू नये, कारण पैसा व भेट परस्परांवर अवलंबून नाहीत. आणि ताब्याचा दावा पोटगी कमी करण्याचे दडपण म्हणून मांडू नये, कारण अशा दाव्यातील खोटेपणा न्यायाधीशाच्या लक्षात येतो आणि प्रामाणिक पित्यांची विश्वासार्हताही कमी होते. मुलाचे मन दुसऱ्या पालकाविषयी कलुषित केले जाते, असा युक्तिवाद अलीकडे पित्यांकडून वारंवार होतो. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संकल्पनेची विस्ताराने चर्चा केली त्या खटल्यात मूल पित्याकडे होते आणि ताबा आईला मिळाला, हे त्यांच्या वकिलांनी स्पष्टपणे सांगायला हवे.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. मुलाला एका देशातून दुसऱ्या देशात एकतर्फी नेण्याविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही; म्हणून अमेरिकेतील न्यायालयाचा आदेश हाती असलेल्या पित्यालाही येथे बंदी-प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याची, याचिका करून पुन्हा सुरुवात करावी लागते आणि परदेशी आदेश हा मुलाच्या हिताचा विचार करताना पाहण्याच्या अनेक बाबींपैकी एक ठरतो.

या सगळ्यात पित्याला आधार देणारे एक तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवले आहे. ताब्याचा आदेश कधीही अंतिम नसतो. मुलाची परिस्थिती बदलली की तो बदलता येतो. मूल तीन वर्षांचे असताना ज्या पित्याचा अर्ज फेटाळला गेला, तो ते दहा वर्षांचे झाल्यावर पुन्हा येऊ शकतो, आणि त्या वेळी १८९० च्या कायद्याचे १७ वे कलम न्यायाधीशाला त्या मुलाची स्वतःची इच्छा विचारात घेण्याची मुभा देते.