हौस आपली, हिशेब कुणाचा?

जालन्यात राहून घरूनच नोकरी करणाऱ्या माझ्या एका मित्राने जुनी गाडी घ्यायची म्हणून एक्सेल शीट बनवली. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे यात नवल काही नाही. आमच्यात लग्नाच्या स्थळांचीही शीट बनते. बजेट पाच लाख. तेवढ्यात नवीन गाडी साधीच मिळते आणि साधी त्याला नको होती. चालवताना मजा आली पाहिजे, ही पहिली अट. चाळता चाळता दोन नावं उरली: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि फियाटची अबार्थ पुंटो.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही छोट्या हॅचबॅक, दोन्ही पुणे जिल्ह्यात तयार झालेल्या. एक चाकणला, दुसरी रांजणगावला. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ च्या आसपास हॉर्सपॉवर आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्स. अबार्थ पुंटो २०१५ ची. १.४ लिटर टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, हाताने टाकायचे पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आकड्यांत अबार्थ सरळ पुढे आहे. पण फियाटची नवीन गाडी भारतात मिळेनाशी होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे एखाद्या पार्टसाठी दहा ठिकाणी फोन फिरवावे लागतात. पोलोचंही इथलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण कंपनी इथेच आहे. तिची काळजी वेगळी: त्या गिअरबॉक्समधला मेकाट्रॉनिक नावाचा भाग गेला तर बिल असं येतं की बेताच्या बजेटवाल्याचे दोन-तीन पगार त्यात जातील.

मित्राने प्रत्येक मुद्द्याला वजन दिलं: मजा ३०, खर्च २५, पार्ट २०, पुढे विकताना किंमत १५, दिसणं १०. बेरीज केली, पोलो जिंकली. तो खूश झाला नाही. मग मजेचं वजन ४० केलं, अबार्थ जिंकली. तरी तो खूश झाला नाही. रात्री एक वाजता त्याचा मेसेज आला, "दोन्ही सारख्याच आहेत रे, नाणं उडवतो."

पण खरंच सारख्या होत्या का? याची एक सोपी चाचणी आहे. दोन गोष्टी अगदी समान असतील, तर एकीत जराशी भर पडली की पारडं झुकायला हवं. समजा पोलोवाल्याने दहा हजार कमी केले, तर लगेच पोलो घेशील? मी विचारलं. तो म्हणाला, नाही. अबार्थवाल्याने कमी केले तर? तरी नाही. म्हणजे एक दुसरीपेक्षा सरस नाही आणि दोन्ही समानही नाहीत. रूथ चँग या तत्त्वज्ञ बाईंनी अशा निवडींवर बरंच लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की सरस, कमी आणि समान या तिन्हींच्या पलीकडे चौथंही एक नातं असतं. दोन पर्याय एकाच तोलाचे असतात, पण वेगळ्या जातीचे. तिथे आकडेमोड थांबते, कारण उत्तर बाहेर कुठे लिहून ठेवलेलं नसतं. आपण एका बाजूने उभं राहायचं आणि 'मी असा माणूस होणार' हे ठरवायचं. करिअर, लग्न, गावी राहायचं की पुण्याला जायचं, या निवडी अवघड वाटतात त्या आपण मठ्ठ असल्यामुळे नाही. त्यांची जातच अशी आहे.

मला हे पटतं. नाण्यापेक्षा आणि शीटपेक्षाही हे उत्तर माणसाला जास्त मान देतं. पण इथेच थांबलो तर एक गफलत होते. 'मला कोण व्हायचंय' या प्रश्नात फक्त 'मी' आहे. शीटमध्येही तेच होतं. मजा माझी, खर्च माझा, पुढची किंमत माझी. गाडी मात्र माझ्या एकट्याच्या रस्त्यावर चालत नाही.

आमच्याकडचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. भोकरदनकडे निघालात की संध्याकाळी कापसाने भरलेली ट्रॉली पुढे असते, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. वळणावर शेळ्या. गावाजवळ शाळा सुटलेली. दुसरीकडे समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, त्यात जालना येतं. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे.

आता बारावीचं भौतिकशास्त्र. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट. १२० च्या वेगात तुम्ही दचकून ब्रेककडे पाय न्यायला एक सेकंद घेतलात, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. मग पुढचं सगळं चार टायरांच्या हाती. प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढा टेकतो.

आणि जुन्या गाडीत नेमके टायरच जुने असतात. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. गाडी कमी चाललेली असेल तर खाचा चांगल्या दिसतात, कायद्याने लागणाऱ्या १.६ मिलिमीटरपेक्षा कितीतरी जास्त. पण रबर कडक झालेलं असतं. फोटोत ते दिसत नाही.

बेताच्या बजेटचा खरा नैतिक प्रश्न इथे आहे. पाच लाखांतले पाचही लाख गाडीच्या किमतीत गेले, तर टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, सस्पेन्शनचे बुश यांना 'पुढच्या दिवाळीला बघू' म्हटलं जातं. जोर आजच विकत घेतला आणि थांबणं पुढे ढकललं. तोवरची जोखीम कोण उचलतं? थोडी आपण, पण बरीचशी तो ट्रॉलीवाला, ती शाळकरी मुलगी. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. गॅरेजमधल्या चाचांनी मित्राला तत्त्वज्ञान न वाचताच सांगितलं, "भाऊ, गाडी तर पळतीच. थांबती का, ते बघ."

गंमत म्हणजे कायद्यालाही हा फरक कळतो. आपल्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा घ्यायचा की नाही, ही आपली मर्जी. त्रयस्थाचा विमा मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा. स्वतःचं नुकसान सोसायची मुभा प्रत्येकाला आहे, दुसऱ्याचं वाऱ्यावर सोडायची नाही.

मग वेगवान गाडी घेणंच चूक का? दुष्काळी जिल्ह्यात, जिथे २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तिथे ही चैन शोभते का? मला हा सूर मान्य नाही. वेगाची हौस आपल्याकडे इंजिनाबरोबर आलेली नाही. शंकरपट बघायला गावं लोटतात; बैलजोडी सांभाळणारा शेतकरी पोटाला चिमटा घेऊन तिला खुराक घालतो. हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतोच. पण त्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी आणली तेव्हा आक्षेप हौसेवर नव्हता. हौस मालकाची आणि यातना बैलाच्या, यावर होता. २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्या नियम-अटींसह, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. निकाल कुणाला पटो न पटो, वादाचा प्रश्न बरोबर होता: हौसेची किंमत कोण मोजतंय?

यावर एक कडवट आक्षेप आहे आणि तो मित्रानेच घेतला. "पन्नास लाखांच्या गाडीवाल्याला हा प्रश्न पडतच नाही. नीतिमत्ता फक्त पाच लाखवाल्यांनीच पाळायची का?" आक्षेप खरा आहे. पैसेवाल्याला एबीएस, सहा एअरबॅग आणि नवे टायर किमतीतच मिळतात, म्हणून तो वेगळा विचार न करताही निम्मा सज्जन ठरतो. हा अन्यायच आहे. पण तो दूर करण्याचं ओझं रस्ता ओलांडणाऱ्या माणसावर टाकता येत नाही. त्याच्यासाठी आपली गाडी किती मीटरमध्ये थांबते एवढंच खरं. आपला पगार किती, हे त्याला कळणारही नाही.

म्हणून मला वाटतं, अशा निवडीला दोन पायऱ्या असाव्यात आणि त्यांची सरमिसळ होऊ नये. पहिल्या पायरीवर वजनं नाहीत, फक्त चाळणी. गाडी थांबते का, सरळ राहते का, आणि तसं ठेवायला पैसे उरतात का? यात नापास झालेली गाडी मजेत शंभरपैकी शंभर असली तरी बाद. कारण दुसऱ्याच्या जिवाचे गुण माझ्या मजेच्या गुणांतून वजा होत नाहीत. ते एका बेरजेत बसतच नाहीत. दुसरी पायरी मात्र पूर्ण आपली. तिथे कुणाला कारणं द्यायची गरज नाही, अपराधीही वाटून घ्यायचं नाही.

मित्राने शीटमध्ये एक ओळ घातली: ऐंशी हजार, न शिवायचे. बजेट चार लाख वीस हजारांवर आलं. घासाघीस लांबली, एक गाडी हातची गेली, महिनाभर थांबावं लागलं. शेवटी त्याने अबार्थ घेतली. का, विचारलं तर म्हणाला, "गिअर स्वतः टाकायचेत, पार्टसाठी चार ओळखी करायच्यात. मला तसा माणूस व्हायला आवडेल." या उत्तराला कुठलंही सूत्र नाही आणि ते बरोबर आहे. त्याच्या आधी चार नवे टायर बसले होते, म्हणून ते तसं मोकळेपणाने देता आलं.