धावपट्टी शिल्लक असताना



वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलाला आधी जमिनीवर सरळ धावायला शिकावे लागते. ऐकायला सोपे वाटते. पण एका इंजिनाच्या छोट्या विमानाला पूर्ण ताकद दिली, की पंख्याच्या फिरण्यामुळे बहुधा त्याचे नाक डावीकडे ओढ घेते. ते उजव्या पायाखालच्या पेडलने आवरायचे असते. नवखा मुलगा घाबरून हातातले चक्र मोटारीसारखे फिरवतो. जमिनीवर त्याने विमान वळत नाही. मग तो पाय जोरात दाबतो. विमान उजवीकडे जाते, पुन्हा डावीकडे. धावपट्टीची कड जवळ येते आणि त्याला वाटते, आता वर उचलले की सुटलो. पण पुरेसा वेग नसताना उचललेले विमान हवेत टिकत नाही.

म्हणून प्रशिक्षक बजावतात : धाव बिघडली तर थ्रॉटल मागे घे, सरळ राहा आणि थांब. धावपट्टी शिल्लक आहे तोवरच हे जमते.

मग मुले का थांबत नाहीत? व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते, खर्च लाखांच्या घरात. कुणाचे शेत गहाण पडलेले असते. थांबलो तर लोक काय म्हणतील? आपल्या शेगावात अभियांत्रिकी शिकायला येणाऱ्या मुलांनाही हे ओझे ठाऊक आहे. विषय राहतात, घरी सांगवत नाही. आणि आपण मोठी माणसे तरी काय करतो? एक कर्ज झाकायला दुसरे काढतो, व्यसन लपवतो, बिघडलेला संसार मिस्सेला येताना नीट कपडे घालून आणतो.

संत पेत्र कोळी होता. पाणी त्याला नवे नव्हते. तरी बुडू लागल्यावर हातपाय मारून त्याने अब्रू राखली नाही. नावेतले सगळे पाहत असताना तो प्रभूला ओरडला. पापनिवेदनाला आपण इतक्या उशिरा का येतो, याचा विचार करताना आम्हाला नेहमी तो आठवतो.

पण ज्याला थांबणे जमलेच नाही, किंवा ज्याची काही चूकही नव्हती, त्याचे काय? 16 जुलै 2021 रोजी शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात, सातपुड्यात एक प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक दगावले, शिकाऊ मुलगी गंभीर जखमी झाली. जवळचे आदिवासी बांधव धावत गेले. एका माउलीने अंगावरची साडी झोळीसाठी दिली आणि त्या झोळीतून मुलीला डोंगरातून खाली आणले. ती कोण, कुठली, चूक कुणाची, हे त्या क्षणी कुणी विचारले नसणार.

परीक्षांच्या निकालानंतर आपल्या धर्मग्रामातही काही मुले मान खाली घालून घरी येतात. उधळ्या पुत्राच्या बापाने पैशांचा हिशेब मागितला नव्हता. त्याने आधी झगा मागवला. असे मूल ज्या घरी आले असेल, तिथे या आठवड्यात आपण जाऊन येऊ. चहा घ्यावा, इकडच्या तिकडच्या गोष्टी कराव्यात. 'आता पुढे काय?' एवढे मात्र विचारू नये.