योग्य वेळी अन्न



परतीचा पाऊस चुकला की रब्बीची ज्वारी हुकते. ज्वारी हुकली की कडबा नाही, आणि कडबा नसला की दावणीचे जनावर बाजाराची वाट धरते. एक कडी तुटली की सारी साखळी कशी निखळते, हे केडगावच्या माणसाला शिकवावे लागत नाही.

स्तोत्रसंहितेतील १०४ व्या स्तोत्रात अफाट समुद्र आहे, त्यात लहानमोठे असंख्य जीव आहेत आणि ते सारे योग्य वेळी अन्न मिळावे म्हणून देवाकडे पाहत आहेत. ‘योग्य वेळी’ या शब्दांवर आज आपण थोडे थांबू या.

डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून जहाजाने निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. आजही वास्को येथील राष्ट्रीय केंद्र ध्रुवीय प्रदेशांचा अभ्यास करते. तिथल्या गोठलेल्या समुद्राच्या बर्फाखाली शेवाळ वाढते. कोळंबीसारखा बोटाएवढा क्रिल, विशेषतः त्याची पिले, हिवाळ्यात त्या शेवाळावर जगतात. क्रिलवर मासे, पेंग्विन, सील आणि महाकाय देवमासेही जगतात. म्हणजे बर्फ हेच तिथले शेत!

आता पृथ्वी तापते आहे आणि हे शेत अवेळी वितळते आहे. एम्परर पेंग्विनचा नर ऐन हिवाळ्यात दोन महिने उपाशी राहून पायांवर अंडे उबवतो. परंतु २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रात पिलांना पाण्यात टिकणारी पिसे फुटण्याआधीच बर्फ फुटला. पाचपैकी चार वसाहतींतील बहुधा एकही पिलू वाचले नाही. बापाने कर्तव्य केले होते; पायाखालची जमीनच गेली.

“फादर, त्याचा आमच्याशी काय संबंध?” असे कोणी विचारील. कार्य दूर घडले म्हणून कारण आपल्यापासून दूर राहत नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल कुठेही जळो, धूर साऱ्यांच्याच आभाळात जातो. श्रीमंत देशांचा वाटा मोठा, हे खरे. पण ज्याला जेवढे सोपविले तेवढ्याचा हिशेब त्याने द्यायचा, हीच प्रभूची शिकवण आहे. आपण सृष्टीचे मालक नव्हे, कारभारी आहोत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच आठवण करून दिली.

मिस्सा संपल्यावर आपल्याच चर्चमधील पंखे फिरत राहतात. ही चूक आधी आमची. या रविवारपासून ते आम्ही स्वतः बंद करू. आपणही घरी एक गोष्ट ठरवा: जवळच्या कामाला गाडीऐवजी पायी जाणे, ताटात अन्न न टाकणे, एक झाड लावून उन्हाळाभर जगविणे.

रोजची भाकर मागताना आपण ‘माझी’ म्हणत नाही, ‘आमची’ म्हणतो. त्या ‘आमची’मध्ये दावणीचे जनावर आणि बर्फावरचे पिलूही असो.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.

— आपले धर्मगुरू