खेळातील स्नेह आणि डावपेच

रात्रीची आरती आटोपून प्रसाद वाटला गेला की देवळाच्या ओट्यावर जी मंडळी घटकाभर टेकतात, त्यांच्या बोलण्यात 'बिग बॉस' या दूरचित्रवाणीवरील खेळाचा विषय वारंवार निघतो. आमच्या काचीगुड्यातील मराठी घरांची गंमत अशी, की येथे मराठी आणि तेलुगू असे दोन्ही 'बिग बॉस' पाहिले जातात आणि वादही दोन्ही भाषांत रंगतात. देवळाच्या पत्रिकेत असला विषय कशाला, असे कोणी वडीलधारे म्हणतील. परंतु त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. माणसे जोडून जिंकणे आणि डाव टाकून जिंकणे, या दोन गोष्टी खरोखर भिन्न आहेत काय?

हा खेळ मूळचा नेदरलँड्समधला; तेथे तो १९९९ साली 'बिग ब्रदर' या नावाने सुरू झाला. मराठीत तो २०१८ साली आला. त्या पहिल्या पर्वात मेघा धाडे विजयी झाल्या, आणि डाव आखण्यात त्या तरबेज आहेत हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य होते. पुढे २०२४ च्या पाचव्या पर्वात बारामती तालुक्यातील मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला. आईवडिलांचे छत्र हरपलेला, बेताचे शिकलेला हा तरुण. त्याला खेळच उमगत नाही, असे अनेकांनी बोलून दाखविले. तरीही 'इंडियन आयडल'चे पहिले विजेते अभिजीत सावंत यांना मागे टाकून तो पुढे गेला. दोघांनाही निवडून देणारे प्रेक्षकच. एकदा चातुर्याला कौल, एकदा भाबडेपणाला!

अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या 'सर्व्हायव्हर' या खेळाची रीत निराळी आहे. तेथे जे स्पर्धक बाद होतात, त्यांच्यातीलच काही जण शेवटी विजेता ठरवितात. ज्याला तुम्ही हरविले त्याच्याच हातात तुमचा न्याय! पहिल्या पर्वात रिचर्ड हॅच हा गट बांधून खेळला आणि चार विरुद्ध तीन मतांनी जिंकला. हरलेल्यांपैकी चौघांनी, मनात राग असो वा नसो, त्याचा डाव मान्य केला. आमच्या 'बिग बॉस'मध्ये न्याय घराघरांतून होतो. कोपऱ्यात केलेली कुजबुज ज्याच्याविरुद्ध असते त्याला ऐकू येत नाही, पण ती काचीगुड्यात आणि कोल्हापुरात ऐकू येते. अर्थात चोवीस तासांतून निवडून काढलेले तास-दीड तासच आपणांस दिसतात, याचे भान ओट्यावरील न्यायाधीशांना क्वचितच असते.

आमचे मत असे, की डावपेच हे पाप नव्हे. बुद्धिबळात घोड्याने वजिराला पेचात धरले तर त्यास कोणी कपट म्हणत नाही, कारण पट दोघांपुढे उघडा असतो. परंतु 'तू मला भावासारखा' असे म्हणणाऱ्याचा शब्द ही खेळातील सोंगटी आहे की नाही, हे ऐकणाऱ्याला कळण्याची काही सोय नसते. डावाहून हा लाघवीपणाच अधिक अवघड प्रकार आहे. उघड डाव टाकणारा निदान सावध तरी करतो.

येथवर आमचा विचार सुरळीत चालला होता. परंतु एके रात्री आमच्याच वयाचा एक मित्र हसत म्हणाला, "तुझे वडील प्रत्येक यजमानाच्या मुलांची नावे लक्षात ठेवतात, परीक्षा कशी गेली विचारतात. तीही मते मिळविण्याचीच युक्ती की!" आम्ही चिडलो. मग चिडण्याचे कारण शोधू लागलो. पुरोहिताच्या घरात दक्षिणेवर वाढलेल्या मुलाला हे नाकारणे सोपे नाही. गोड बोलणाऱ्या गुरुजींनाच पुढच्या वर्षी सत्यनारायणाचे बोलावणे येते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत.

आम्ही वडिलांनाच विचारले. ते रागावले नाहीत. "विचारपूस केली नाही तर पूजा कोण सांगेल, हे खरेच आहे," ते म्हणाले, "पण विचारताना ते मनात नसते." आम्हांस ते उत्तर तेव्हा पुरले नाही. जी सवय पोटाला उपयोगी पडते, ती निखळ आहे की नाही हे ज्याला ती जडली त्याला तरी कसे कळावे? सूरजचा साधेपणाही मतांच्या उपयोगी पडलाच. म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि खराच होता असेही त्यावरून सिद्ध होत नाही.

गेल्या महिन्यात काचीगुडा स्टेशनावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. दहा वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या घराशी संबंध तोडून दुसरे गुरुजी धरले होते. वडिलांनी पिशवी खाली ठेवून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, नातीचे नाव घेऊन ती कोठे असते ते विचारले. गाडी आली, ते निघून गेले. आम्ही मात्र शेजारी उभे राहून, यातून आता काय साधणार, याचा हिशेब करीत होतो.