धुराची सावली



मागच्या रविवारी मिस्सानंतर आवारात चहा पिताना कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मला गाठले. "फादर, पालापाचोळा जाळू नका, धूर करू नका, असे तुम्ही दर हिवाळ्यात सांगता. पण धुरामुळे पृथ्वी थंड राहते असे आमचे सर म्हणाले. मग धूर थांबवून आपण उष्णता वाढवणार का?" पुढच्या पत्रकात उत्तर देतो, असे सांगून मी सुटलो. आठवडाभर विचार करावा लागला.

सर चुकलेले नाहीत. कोळसा जळतो तेव्हा गंधकाचा वायू निघतो. हवेत आणि ढगांच्या थेंबांत त्याचे रासायनिक रूपांतर होऊन सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते ऊन परत फेकतात. ढगाचा थेंबही अशाच कणाभोवती धरतो. कण वाढले की तेच पाणी पुष्कळ बारीक थेंबांत वाटले जाते आणि ढग अधिक पांढरा होतो. काजळीचे उलटे आहे. ती काळी, म्हणून ऊन शोषते आणि हवा तापवते. एकाच धुराड्यातून दोन्ही निघतात. आपले भुशीचे धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले होते. पावसाळ्यात तिथे भिजायला येणाऱ्यांना त्या धुराची आठवण कोण करून देणार!

हा हिशेब मांडणारे आपल्यापासून फार लांब नाहीत. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे साऱ्या पृथ्वीच्या हवामानाचे संगणकीय प्रारूप तयार झाले. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालासाठी वापरलेल्या प्रारूपांत ते भारतातले पहिलेच. अशा प्रारूपात हवेचे खण पाडतात, एकेक शंभर-दोनशे किलोमीटरचा. म्हणजे मुंबई, लोणावळा आणि पुणे एकाच खणात बसू शकतात आणि बोरघाट जवळजवळ सपाट होतो. ढगाचा थेंब तर केसाच्या जाडीहूनही बारीक. खणाच्या पोटात काय घडते ते सरासरी सूत्रांनी बसवावे लागते आणि प्रत्येक संस्थेची सूत्रे थोडी निराळी असतात.

म्हणून त्या अहवालात आकडा असा येतो: पृथ्वी सुमारे १.१ अंशांनी तापली आणि त्याच काळात माणसाने सोडलेल्या कणांनी तिला ० ते ०.८ अंशांपर्यंत थंड ठेवले असावे. सावली होती, पण फुकट नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आशियाचा मोसमी पाऊस घटला, त्यात याच कणांचा मोठा हात होता, असेही तो अहवाल म्हणतो.

आता मुलाचा प्रश्न. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारांतून आलेला 'द्विविध परिणामा'चा नियम आम्हाला शिकवला होता. एका कृतीतून बरे आणि वाईट दोन्ही निघत असेल, तर वाईट हे बऱ्याचे साधन असता कामा नये, आणि बऱ्याचे पारडे जड हवे. धूर थांबवला की फुप्फुसे वाचतात. झाकलेली उष्णता उघडी पडते ती मागाहून, साधन म्हणून नव्हे. उलट धूर चालू ठेवला तर? काटेकोर बोलायचे तर चुलीपाशी बसलेल्या बाईचा खोकला हे थंडाव्याचे साधन नाही, धूर आहे. वकिली करणारा इथे निसटू शकतो. पण पारड्यात तो अडकतो. हे कण आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाने धुऊन निघतात. त्याच कोळशाचा कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो. सावली टिकवायची तर रोज नवा धूर हवा, आणि खालची उष्णता साठतच जाणार. ताप उतरवायची गोळी घ्यायची आणि दुखणे वाढू द्यायचे, असा हा प्रकार आहे.

काहीजण म्हणतात, शून्य ते ०.८ एवढी अनिश्चितता असेल तर थांबून बघू. नीतिशास्त्रात यावर शिकाऱ्याचे जुने उदाहरण आहे. झुडपात काहीतरी हलले. हरीण आहे की माणूस, कळत नाही. अशा वेळी नेम धरायचा नाही. शंकेचा फायदा झुडपातल्याला, शिकाऱ्याला नाही. शिवाय धुराने ०.८ अंश झाकले असतील, तर खरी तापमानवाढ आपल्याला जाणवते त्याहून बरीच मोठी आहे. शंका इथे धीर देत नाही, घाबरवते.

पॉल क्रुट्झेन यांना १९९५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पोपच्या विज्ञान अकादमीचेही ते सदस्य होते. वातावरणाच्या वरच्या थरात मुद्दाम गंधक सोडून पृथ्वी थंड करता येईल का याचा अभ्यास व्हावा, असे त्यांनी २००६ मध्ये लिहिले. जग वायू कमी करील ही आशा त्यांना भाबडी वाटू लागली होती. हा उपाय करावाच लागू नये, हीच त्यांची इच्छा होती. ज्ञानी माणसाला असे लिहावे लागले, याचे मला त्या उपायापेक्षा जास्त वाईट वाटते.

तेव्हा बाळा, धूर थांबवायचाच. पण तेवढ्यावर थांबलो तर तुझ्या सरांचे म्हणणे खरे ठरेल. कोळसाही कमी व्हायला हवा, आणि त्यात माझ्या खोलीतला रात्रभर जळणारा दिवाही आला.

एक कबुली द्यायची राहिली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आवारातला पाला माझ्याच सांगण्यावरून जाळला जात होता. गायनवृंदातल्या एका बाईंना दम लागून त्या मधूनच बाहेर गेल्या, तेव्हा माझे डोळे उघडले. येत्या शनिवारी मागच्या भिंतीलगत पाला कुजवण्यासाठी खड्डा खणायचा आहे. सकाळी आठ वाजता. फावडी दोनच आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी घेऊन यावे.

आपला,
फादर