खडखडाट इंजिनाचा की प्लायवुडचा?

मॉडेल रेल्वेचं एचओ मापाचं इंजिन उघड्या प्लायवुडवर घातलेल्या रुळांवरून सोडलं, की सगळं टेबल घुमायला लागतं. इंजिन वीतभर लांब आणि आवाज पिठाच्या गिरणीचा. बघणारा हटकून म्हणतो, "इंजिन फार आवाज करतंय." तेच इंजिन उचलून मी कॉर्कवरच्या रुळांवर ठेवतो. खडखडाट जातो, बारीक घरघर उरते. मोटर तीच, गिअर तेच. मग मघाचा आवाज कुणाचा होता?

माझी नोकरी रेल्वेच्या पी-वे, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या खात्यात झाली. त्यामुळे माझं लक्ष आधी रुळांखाली जातं. खऱ्या लाइनीवर स्लीपरखाली साधारण 300 मिलिमीटर खडी असते. ती भार पसरवते, पाण्याला वाट देते, हादरे सोसते. एचओच्या 1:87 मापात हा थर जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा होतो. तेवढ्या जागेत काय घालावं यावर आम्ही छंदवाले तासन्‌तास बोलू शकतो. अमेरिकेत होमासोट फार वापरतात. तो रद्दी कागदाच्या लगद्याचा दाबून केलेला बोर्ड, आणि त्यात खिळा छान बसतो. पण आपल्या पावसाळी हवेत कागदाच्या लगद्यावर माझा भरवसा नाही. फोम आवाज चांगला खातो, पण दबतो आणि रुळांच्या सांध्यांवर ताण येतो. मी कॉर्क घेतो. पोर्तुगालात झाड न तोडता दर नऊ वर्षांनी त्याची साल उतरवतात, तीच ही. तिच्या बंद पेशींत हवा असते, म्हणून ती दबते आणि पुन्हा वर येते. पट्टी मधोमध चिरलेली मिळते. एकेक अर्धी पट्टी मध्यरेषेला लावत गेलं, की वळणही सहज साधतं.

खरा पेच खडी घातल्यावर येतो. बारीक खडी पसरायची, पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल ड्रॉपरने सोडायचा. त्याआधी भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारायचं, म्हणजे गोंद दाण्यांत झिरपतो. दुसऱ्या दिवशी सगळं वाळून कडक होतं आणि गेलेला आवाज बराचसा परत येतो. कॉर्क जागच्या जागी असतो, पण गोंदाने बांधलेली खडी त्याच्या उतारावरून खाली प्लायवुडला जाऊन भिडलेली असते. हादऱ्याला वळसा घालून जायला वाट मिळते. म्हणून मी वाळल्यावरही लवचिक राहणारा लॅटेक्सचा गोंद वापरतो.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच अध्यास मांडला: एकाचे धर्म दुसऱ्यावर लादणं. देह लठ्ठ असतो आणि माणूस म्हणतो, मी लठ्ठ. प्लायवुडचा आवाज इंजिनाच्या नावावर घालणं त्याच जातीचं वाटतं. पण इथे मी अडतो. अध्यासात विवेक केला, की ज्याचं त्याला परत देता येतं. हा आवाज प्लायवुडला तरी कसा परत द्यायचा? इंजिन उचललं, की तेही मुकं. आवाज दोघांपैकी एकाच्याही मालकीचा नाही.

गीतेचा अठरावा अध्याय मला इथे अधिक जवळचा वाटतो. कर्म सिद्धीस जायला तिथे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, असं आचार्य सांगतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र रुळांखालचा थर येतो, आणि कर्त्याचा क्रमांक त्याच्यानंतर लागतो याचं मला फार मोल वाटतं. एकट्या आत्म्यालाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही तिथे लगेच म्हटलं आहे.

यावर कुणी विचारेल, मग दोषी सुटला की! मला तसं वाटत नाही. गाडी रुळांवरून घसरली, की ड्रायव्हरचा वेग तपासतात, तसं रुळांचं गेज, क्रॉस लेव्हल आणि चाकांच्या फ्लँजची झीजही मोजून लिहितात. एकाच माणसावर बोट ठेवून कागद मिटवला, तर तीच लाइन पुढच्या गाडीसाठी तशीच राहते. पाचही कारणं मोजली, तर ड्रायव्हरचा वाटा किती आणि आमच्या खात्याचा किती, हे स्पष्ट होतं. ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याला उचलावाच लागतो.

राहिलं दैव. माझ्या टेबलापुरतं ते म्हणजे जूनमधली दमट हवा. लाकूड ओल धरून फुगतं आणि कितीही काळजीने घातलेले रूळ सरकू पाहतात. त्यासाठी मी सांध्यांत कागद जाईल एवढी फट ठेवतो, टेबलाच्या खालच्या बाजूलाही वार्निशचा हात देतो, आणि गाडी सोडतो.